इथं पडला तो

पेठ रस्ता सोडून बस आत वळते
तेव्हा मी उभा राहतो, माइक फुंकून बघतो.
नमस्कार. मी हिरामण भोये, करंजपाडा.
तुम्ही मला ओळखणार नाही,
पण चौदा वेळा मरताना पाहिलंय.

हशा होतो. दर रविवारी होतो.

तिसऱ्या भागात बुरुजावरून पडला तो मी;
खाली द्राक्षांच्या रिकाम्या क्रेटवर गाद्या होत्या.
एकतिसाव्यात एकाच दिवशी तीनदा,
दोनदा आपल्या बाजूनं, एकदा त्यांच्या.
पागोटं बदललं की शत्रू.
रोजचे पाचशे आणि जेवण. घोडेवाल्याला दोन हजार.
घोड्याला काय, माहीत नाही.

ही विहीर. हिच्यात राणीनं अंगठी टाकली.
पाणी मार्चपर्यंतच पुरतं, ते कुणी विचारत नाही,
मीही सांगत नाही.
हे पाटलाचं घर, म्हणजे वामन खंबाइताचं.
त्यानं हौसेनं पोपटी ऑइलपेंट मारला होता,
त्यांनी वरून शेणमाती लिंपली.
आता पुन्हा रंग द्यायचा म्हटलं तर सरपंच नको म्हणतात,
बघायला येणारे नाराज होतील.
वामन माझ्याशी बोलत नाही.

किल्ल्याचं नाव मालिकेत दुसरं होतं.
सहा महिन्यांत पायथ्याच्या पाटीवर तेच आलं.
पोरं शाळेतही तेच लिहितात.
गुरुजी लाल पेन उचलतात,
खाली ठेवतात.

खरा दरवाजा कधीचाच ढासळलेला.
यांनी प्लायवूडचा केला, दोन्हीकडं थर्माकोलचे हत्ती,
आणि जाताना तसाच टाकून गेले.
तिसऱ्या पावसाळ्यात एक हत्ती सोंडेपासून उसवला,
त्याच्या पोटात साळुंक्या राहतात.
लोक दुसऱ्याबरोबर फोटो काढतात.

गेल्या माघात भुसावळच्या एक बाई आल्या, दहिवले,
तिकीट खिडकीवर तीस वर्षं काढून निवृत्त.
मांडीवर ओल्या फडक्यात शेवंतीचा हार,
पहाटेच्या गाडीपासून तसाच.
विहिरीपाशी उतरल्या नाहीत, हत्तीपाशी नाहीत.
मला म्हणाल्या, हैबती कुठं पडला?

हवालदार हैबती. दोनशे बारावा भाग.
एकटा दरवाजा लढवतो, उभ्यानं जातो.
त्या रात्री यांचे मालक जेवता जेवता म्हणाले होते,
मरावं तर असं.
नंतर एकवीस दिवस दवाखान्यात, नळ्यांत.

मला माहीत होतं कुठं पडला.
इथं नाहीच. ते मुंबईत केलं, हिरव्या पडद्यापुढं.
आमच्यातल्या कुणाला नेलंही नव्हतं.

तोंडातून निघून गेलं, या माझ्या मागं.

पाण्याच्या टाक्यामागं करवंदीच्या जाळीत
एक उभा दगड आहे.
खालच्या चौकटीत आडवा माणूस,
वरच्या दोन झिजून गुळगुळीत, माथ्यावर चंद्रसूर्य.
नाव नाही. कुणाच्या बाजूनं लढला, तेही नाही.
शूटिंगवाले त्याच्या आडोशाला चहाचा स्टोव्ह पेटवायचे,
एक अंग काळं झालंय.

म्हटलं, इथं पडला तो.

बाईंनी पदरानं काजळी पुसली. निघाली नाही सगळी.
हार घातला. मग खाली बसल्या,
काट्यांत, नीट मांडी घालून.
बस हॉर्न देत होती.

मी चौदा वेळा मेलोय.
चपला काढून, घड्याळ काढून, श्वास कोंडून,
मुंग्या चावल्या तरी न हलता.
असं कुणी शेजारी बसलं नव्हतं.

उतरताना त्यांनी हातात शंभराची नोट ठेवली.
घेतली मी.

सोमवारी गेलो तर हार शेळ्यांनी खाल्लेला,
दोरा तेवढा दगडाच्या गळ्यात.
काढावा की राहू द्यावा, कळेना.
राहिला.

आता तिकडं बॅच नेत नाही.
कुणी विचारलंच, त्या जाळीत काय आहे,
तर सांगतो,
जपून, तिकडं साप आहे.